एकशेवीसवाला खोका

मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. अख्ख्या वर्गात एक पंखा, तोही कोपऱ्यात, आणि त्याखालची जागा पोरांनी आधीच धरून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की त्या कोपऱ्यातल्या बोर्डातून भिंतीत करंट उतरतो, मला काल झटका बसला. पुढे वर्षभर त्या पंख्याखाली मी एकटी बसले. ती पोरं सगळी पास झाली, एक तर आता वायरिंगचा ठेकेदार आहे, पण त्या भिंतीला साधा टेस्टर लावून बघावं असं एकालाही सुचलं नाही. विजेच्या बाबतीत माणसं कशावरही विश्वास ठेवतात, फक्त मोजून बघत नाहीत, हे माझं मत तेव्हापासूनचं आहे.

आता मी भिंगारला राहते आणि नेटवर्किंगची कामं करते. शाळा, पतसंस्था, दवाखाने, जिथे इंटरनेटच्या वायरींचं घरटं झालेलं असेल तिथे एसटीने जायचं, भिंतीवर लोखंडी कपाट ठोकायचं आणि त्यात इंटरनेट वाटून देणारे सगळे खोके ओळीने बसवायचे. त्या कपाटाला आम्ही रॅक म्हणतो. रॅकच्या मागच्या बाजूला एक लांब पट्टी असते, तिला वीज देणारी आठ-दहा तोंडं असतात. कॉम्प्युटरच्या मागे जी जाड काळी वायर खुपसतात तिच्याच जातीची वायर या तोंडांत बसते. अगदी हसत बसते. सगळी भानगड तिथेच आहे, कारण आपल्याकडे पिन बसली की काम झालं असं समजतात. आणि नाहीच बसली तर घासून बसवतात.

राहुरीच्या पुढे उसाच्या फडांमध्ये एक शाळा आहे. तिथला रॅक मीच ठोकला होता. महिन्याभराने प्राचार्यांचा फोन आला. शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नेटवर्कचा इंजिनिअर आहे, त्याने तिथल्या कंपनीतून उतरवलेले पण चांगले चालणारे चार खोके शाळेला पाठवले आहेत, त्यांचं उद्घाटन गुरुवारी त्याच्या आईच्या हस्ते ठेवलं आहे, खोके आम्ही बसवून घेतले आहेत, तुम्ही फक्त येऊन वायरी जरा देखण्या करा. देखण्या हा त्यांचा शब्द. मी मंगळवारी गेले.

प्राचार्य सरांनी खरोखरच सगळं बसवून ठेवलं होतं. सर इतिहासाचे, पण उत्साह कुठल्याही विषयाचा. चारही खोके पट्टीला जोडलेले, वरून हार, समोर लाल फीत, आणि मधोमध मोठा खोका, ज्याच्या पुढच्या अंगाला दिव्यांच्या दोन रांगा होत्या. दिवे जास्त म्हणून तो मधोमध. मेन स्विच मात्र बंद होता, कारण मुहूर्त गुरुवारी सकाळी साडेदहाचा आणि त्याआधी चालू करायचं नाही असं सरांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी एरवी मुहूर्ताला हसते. त्या दिवसापासून जरा कमी हसते.

वायरी आवळायला मी मागच्या बाजूला गेले आणि बघते तर प्रत्येक खोक्याच्या पाठीवर ओल्या कुंकवाने काढलेलं ठळक स्वस्तिक. पूजा पुढून करायची असते, मागून का, असं मी विचारलं. सर म्हणाले, वीज मागून शिरते ना, म्हणून. उत्तर एकदम सरळ होतं. पण वीज जिथे शिरते तिथेच एक छोटी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर या यंत्राला किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं असतं, आणि सरांचं स्वस्तिक बरोबर त्याच पट्टीवर बसलं होतं. मी ओढणीचं टोक ओलं करून पुसायला लागले. सरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, देवाला चालतं, मी विचारलंय.

तीन खोक्यांवर शंभर ते दोनशे चाळीस लिहिलं होतं. म्हणजे कुठेही न्या, कसलीही लाईट द्या, गुमान चालतील. चौथ्यावर, मधोमध बसलेल्या त्या दिवेवाल्यावर, नुसतं एकशे वीस होतं. पुढेमागे काही नाही. मी पुन्हा पुसलं, मोबाईलच्या उजेडात बघितलं, व्होल्ट कमी-जास्त करायचं एखादं बटण कुठे आहे का तेही शोधलं. नव्हतं. मग सरांच्या परवानगीने मेन स्विच एकदा वर केला, मोठ्या खोक्याची वायर आधी उपसून, आणि वीज देणाऱ्या लांब पट्टीत मीटर घातला. दोनशे अडतीस.

सरांना म्हटलं, याच्या अमेरिकेतल्या वायरी कुठे आहेत? त्या चपट्या पिनांच्या होत्या, आपल्या बोर्डात नीट बसेनात, म्हणून त्यांनी अडगळीत टाकल्या होत्या आणि कॉम्प्युटरच्या वायरी काढून इथे खुपसल्या होत्या. म्हणजे बिचारी वायर सांगत होती की मी इथली नाही, तर तिलाच काढून टाकलं. मी सरांना सगळं समजावलं. ते म्हणाले, पाच मिनिटं तर लावायचा आहे, उद्घाटनापुरता. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही त्याच्यावर हात ठेवून उभे राहा, मी स्विच दाबते. सर दोन पावलं मागे गेले आणि त्यांना विषय समजला.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात खुरपं, साठी ओलांडलेली. याच त्या इंजिनिअरच्या आई. खोके आल्यापासून रानात जाता-येता रोज एक चक्कर मारून बघून जातात, असं सरांनी हळूच सांगितलं आणि चहाच्या नावाखाली तिथून काढता पाय घेतला. मावशी सरळ मोठ्या खोक्यापाशी गेल्या आणि त्याच्यावरची धूळ पदराने पुसली.

"ह्यो त्यानं सोताच्या हातानं बांदलाय," त्या म्हणाल्या. "आत चिट्टी बी हुती, आईच्या हातानं चालू करा म्हनून. ती माज्या डब्यात ठिवलीय."

मग मी न विचारता त्यांनी मला पोराचं लहानपण सांगितलं. दहा वर्षांचा असताना हिरीवरच्या मोटारीचा फ्यूज तो बांधायचा आणि त्याचा बाप लांब उभा राहून बघायचा. गावात कुणाचा स्टार्टर बिघडला की आधी याला हाक. व्होल्टेज कमी आहे की जास्त, हे तो म्हणे बल्बाच्या रंगावरून सांगायचा. तिकडे जाऊन आता किती वर्षं झाली असं मी सहज विचारलं. सहा दिवाळ्या झाल्या, त्या म्हणाल्या, आणि खुरपं उचलून निघून गेल्या.

मी त्या खोक्याकडे बघत बसले. चीड आली. एवढा नेटवर्कचा इंजिनिअर, बल्ब बघून व्होल्ट सांगणारा, आणि घरी पाठवायचं सामान बांधताना पाठीवरची एक ओळ वाचता येऊ नये? सगळ्यांपुढे आईने बटण दाबावं आणि फाट् आवाज होऊन त्याच्या भेटीतून धूर निघावा, हे मात्र मला होऊ द्यायचं नव्हतं. आणि चूक कुणाची, हेही तिला कळू द्यायचं नव्हतं. त्या बाईने पदराने धूळ पुसली नसती तर कदाचित मी सरांना सरळ समारंभ रद्द करायला लावला असता.

उपाय साधा होता. दोनशे तीसचे एकशे दहा-वीस करून देणारा ट्रान्सफॉर्मर मधे बसवायचा. भिंगारच्या जुन्या बाजारात मोटारी रिवाइंड करणारे एक चाचा आहेत, विहिरीतल्या पाणबुड्या मोटारींपासून लष्करी छावणीतल्या साहेबांच्या परदेशी मिक्सरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जातं. मी त्यांना खोक्याची ताकद सांगितली आणि त्याच्या दुप्पट भार सोसणारा बनवा, अर्थिंग नीट द्या, असं म्हटलं. चाचांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत तार गुंडाळून दिलीही. पण वर वॉर्निश लावलं होतं आणि ते पुरतं वाळल्याशिवाय मी हे दुकानाबाहेर जाऊ देणार नाही, म्हणाले. मी गयावया केली, मग भांडले, मग चहा पाजला. चाचा तिन्हीला बधले नाहीत. ओल्या वॉर्निशचा ट्रान्सफॉर्मर मीसुद्धा दिला नसता, म्हणून जास्तच राग आला.

सरांना फोन केला. ते म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या आहेत, तो मुलगा अमेरिकेत रात्री जागून व्हिडिओ कॉलवर थांबणार आहे, काहीही करा पण दिवे लागले पाहिजेत. मी म्हटलं, दिवे लागतील सर, शब्द देते. कसे लागतील हे त्यांनी विचारलं नाही. इतिहासाच्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

गुरुवारी सकाळी नऊला मी शाळेत पोचले तेव्हा माझ्या पिशवीत दिवाळीची हिरवी माळ होती. आमच्या घरचीच. खोक्याच्या पुढच्या बाजूला हवेसाठी जाळी असते. मी ती पुढची पट्टी उघडून माळ जाळीच्या मागे दोन रांगांत वळवून बसवली, पट्टी परत लावली आणि माळेची वायर मागून काढून वेगळी जोडली. मोठ्या खोक्याच्या तोंडात कुणी उत्साहाने वायर खुपसू नये म्हणून तिथे चिकटपट्टी मारली. बाकीचे तीन खोके खरेच जोडले, त्यामुळे नेट खरंच चालणार होतं. खोटे होते ते फक्त दिवे. लांबून बघितलं तर मीसुद्धा फसले असते.

साडेदहाला मावशींनी नवी इरकली नेसून बटण दाबलं. हिरवे दिवे लुकलुकायला लागले आणि टाळ्या पडल्या. सरांनी या दिव्यांतून ज्ञानाचा प्रवाह कसा वाहतो आहे यावर भाषण केलं, आणि नेमकं त्याच वेळी माळेने आपली चाल बदलली. या माळा एकाच चालीवर राहत नाहीत हे माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. आधी दिवे डावीकडून उजवीकडे धावले, मग उजवीकडून डावीकडे, मग सगळे मिळून हळूहळू मंद झाले आणि एकदम भपकन लागले. सरांना वाटलं भाषणाला दाद मिळते आहे. त्यांनी प्रवाह आणखी दहा मिनिटं वाहवला.

मग व्हिडिओ कॉल लागला. मुलगा उंच, अंगावर जाड स्वेटर, आईला बघून डोळे भरलेले. सरांनी हौसेने मोबाईल रॅकपुढे धरला. तो बघत राहिला आणि म्हणाला की हे दिवे असे पळताना मी कधी बघितले नाहीत. सर माझ्याकडे वळले. मी पुढे होऊन सांगितलं की इथल्या हवेत सुरुवातीला असं होतं, पोरं नेट वापरायला लागली की शांत बसतात. इंजिनिअरने मान डोलावली. मी म्हटलं ना, माणसं मोजून बघत नाहीत.

पाहुणे पोह्यांकडे गेले. मी माळ काढायला मागे राहिले. पाठीमागून आवाज आला.

"ह्यी माळ हाय का न्हाई?"

मावशी गेल्याच नव्हत्या. मी म्हटलं, कसली माळ?

"माज्या दाराला अशीच हाय. आदी पळती, मग मिनमिनती, मग समदी एकदम लागती. रोज बगती मी."

दिवाळी होऊन एवढे महिने झाले आणि माळ अजून दारावर? मला विषय बदलायचा होता, म्हणून मी तेच विचारलं.

"काढाया उंच मानूस कोन हाय घरात?" त्या म्हणाल्या.

मग मात्र माझ्याच्याने थाप मारवेना. निदान मोठी मारवेना. मी विचारलं, मावशी, सिंगल फेजची मोटार दोन फेजांना जोडली तर काय होतं? जळती, त्या लगेच म्हणाल्या, हिरीवर दोनदा जळाल्याचा वास घेतलाय. मी म्हटलं, तसंच आहे हे. तिकडची लाईट आपल्या निम्मी असते. हा खोका तिकडच्या लाईटीचा आहे, इथे जोडला असता तर तुमच्यासमोर जळाला असता. सोमवारपर्यंत त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर येतोय, मग तो खरा चालू होईल, माळेशिवाय.

त्या ऐकत होत्या. मग मला ज्याची भीती होती तोच प्रश्न त्यांनी विचारला, की हे त्याला माहीत नव्हतं का. मी पटकन म्हटलं की माहीत असणारच, त्याने चिठ्ठीत लिहिलं असेल, सरांच्या ध्यानात राहिलं नसेल. सरांवर ढकलणं सोपं होतं, ते पोहे खात होते.

"चिट्टी माज्या डब्यात हाय," मावशी म्हणाल्या. "तीनदा वाचून घेतली. लाईटीचं कायबी न्हाई त्यात."

आयुष्यात मी विजेवरून बऱ्याच थापा मारल्या, पकडली गेले ती पहिल्यांदाच. मावशींनी खोक्यावरून एकदा हात फिरवला. इसरला, एवढंच म्हणाल्या. मग सांगितलं की खरा चालू करशील तेव्हा मला बोलाव, आणि त्यालाही फोन लाव. मला फार वाईट वाटलं. खोका वाचवला होता, पण जे लपवायचं तेच उघडं पडलं होतं.

सोमवारी सकाळी मी चाचांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेले. पाणबुडी मोटारीला देतात तोच हिरवा रंग त्यांनी त्याला दिला होता, आणि वजन एवढं की एसटीच्या कंडक्टरने पिशवीत काय आहे ते दोनदा विचारलं. अडगळीतली अमेरिकन वायर शोधून काढली. चाचांनी ट्रान्सफॉर्मरला चपट्या पिनांचंच तोंड बसवलं होतं, म्हणजे ती वायर आता फक्त तिथेच नीट बसणार होती. दुसरं टोक खोक्याला पट्टीने आवळून टाकलं, की पुन्हा कुणी तिथे साधी वायर खुपसू नये. अर्थिंग तपासलं. मग खोका न जोडता आधी नुसता मीटर लावला. एकशे अठरा. मग खोका जोडून बटण दाबलं. पंखा घरघरला, एक दिवा पिवळा लागला, मग हिरवा झाला. आणखी चार लागले. माळेच्या मानाने अगदीच गरीब दिवे होते. मी पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की हा एकशेवीसवाला आहे, आणि सरांना सांगितलं की आता स्वस्तिक पुढून काढा.

मावशींना मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोलावलं होतं, पण त्या सकाळीच येऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच हे सगळं चाललं होतं. चालू झाल्यावर त्यांनी मला फोन लावायला सांगितला. मुलगा घरीच होता, तिकडे रविवार संपत आला होता. त्याने आईची चौकशी केली, मग त्याला तो हिरवा ठोकळा दिसला आणि हे काय असं त्याने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी मोबाईल माझ्या हातातून घेतला.

"तुज्या खोक्याला आपली लाईट सोसंना," त्या म्हणाल्या. "म्हनून बाईनं ह्यो मदी बसवलाय."

तो कपाळावर हात मारून हसला. अरे हो, तिकडे दोनशे तीस नाही का, म्हणाला, माझ्या डोक्यातून पार गेलं. आईही हसली. मीसुद्धा हसले, म्हटलं सुटले, गोड शेवट झाला.

"आन् तुला सोसती का रं अजून?" मावशींनी विचारलं. आवाज जराही चढला नव्हता. "का तुज्यासाटी बी मदी कायतरी बसवाया लागतंय?"

पलीकडून उत्तर आलं नाही. चेहरा तसाच, हसू अर्धवट, हात कपाळावरच. मला वाटलं नेट अडकलं. मी वळून खोक्याकडे बघितलं. पाचही दिवे नीट लुकलुकत होते. परत फोनमध्ये बघितलं, तर त्याच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता.